गुंठ्याचा हिशेब

वसई स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर केळी घेतली तर ती बहुधा जळगावची निघतात. भाजी नाशिककडची, वाशीच्या बाजारावरून वळसा घेऊन आलेली. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर आमच्या वाडीतली माणसं पोट धरून हसली असती. मुंबईला हिरवं पुरवायचं ते वसईने, अशी तेव्हाची रीत होती.

राजेळी, वेलची, तांबडी, मुठेळी, भुरकेळ, ही आमच्या केळ्यांची नावं. त्यातली राजेळी मानाची, कारण सुकेळी तिची होत. घड पिकवायचा, साली काढायच्या आणि केळी मांडवावर उन्हात टाकायची. संध्याकाळी दव लागू नये म्हणून सगळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. आठवडाभर असं चाललं की केळं आक्रसून मधाच्या रंगाचं होई. मग केळीच्याच सुक्या पानात त्याची पुडी बांधायची. कार्तिकात निर्मळच्या जत्रेत या पुड्यांना हमखास गिऱ्हाईक असे. एका पुडीत किती हात राबले ते कुणी मोजत नसे, कारण हात घरचेच होते. घरच्या बाईच्या आणि पोरांच्या कामाला मजुरी नसते, म्हणून तर सुकेळी परवडत होती. पोरं कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तशी ती परवडेनाशी झाली. आजही काही घरं सुकेळी करतात आणि भाव ऐकून गिऱ्हाईक दचकतं. खरं म्हणजे दचकायला हवं होतं ते जुन्या भावाला.

हे सगळं उभं होतं रेल्वेच्या जिवावर. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली. दिवसाला एक जाणारी, एक येणारी. १९३६मध्ये विजेची गाडी विरारला पोहोचली. पहाटे काढलेली विड्याची पानं, मोगरा, चाफा, वांगी, घेवडा उजाडता उजाडता दादरला जाऊ लागली. लगेजच्या डब्यात दूधवाल्यांच्या कॅनला खेटून टोपल्या आणि त्यांच्या मध्ये फतकल मारून बसलेल्या बायका. कुपारी ख्रिस्ती बायकांची लाल लुगडी लांबूनही ओळखू येत. माल विकून परतताना रोख पैसा त्यांच्याच कमरेला असे. आमच्या आजीचा शब्द घरात का चालायचा, त्याचं निम्मं उत्तर त्या कमरेच्या पिशवीत होतं. कर्जासाठी सावकाराखेरीज दुसरं एक दारही होतं, पापडीची बॅसिन कॅथलिक सहकारी बँक, १९१८ सालची.

पाणी विहिरीचं आणि बावखलांचं, म्हणजे वाडीतल्या तळ्यांचं. समुद्र इतका जवळ की जमिनीत गोडं पाणी वर, खारं खाली. पावसाचं पाणी बावखलात साठे, हळूहळू मुरे आणि खाऱ्याला दाबून ठेवी. रहाटाला जुंपलेला बैल गोल फिरे, लोटे भरून वर येत, पाटाने पाणी केळीत जाई. बैल दमला की उपसा थांबे आणि विहीर पुन्हा भरे. पंप दमत नाही. ऐंशीच्या दशकात पंपामागोमाग टँकर आले. स्टेशनजवळच्या नव्या इमारतींना पाणी नव्हतं आणि गावच्या विहिरींना होतं. ‘काका, तुम्ही फक्त मोटर चालू करा, फेरीचे पैसे रोख देतो,’ इतका सरळ व्यवहार. केळीच्या घडाला वर्ष लागतं, टँकर भरायला फार तर अर्धा तास. होता होता विहिरी मचूळ झाल्या, बावखलांत भराव पडले. ज्यांनी थेंबभर पाणी विकलं नव्हतं, त्यांच्याही विहिरीला खारं लागलं.

त्या इमारतींची मुळं मात्र मुंबईत होती. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने तिथली भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, तेव्हापासून भाड्याने द्यायला घर बांधण्यात कुणाला रस उरला नाही. १९७६च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने मोकळ्या जमिनी अडकून पडल्या. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो रीतसर कधी मिटलाच नाही. लालबाग-परळची खोली विकून कुणी गावी गेलं, कुणी नालासोपाऱ्याला आलं. स्वस्तात घर, आणि महिन्याच्या पासात मुंबई. मला विचाराल तर या भागाचा पहिला बिल्डर म्हणजे रेल्वेचा पास.

आमच्या बाजूला गुंठ्याचा हिशेब उलटा झाला. वर्षभर राबून गुंठ्यातून जे सुटे, त्याच्या कित्येक पट एका सहीत मिळू लागलं. गंमत म्हणजे यातली बरीच जमीन लोकांच्या नावावर आली होती ती कूळकायद्याने. १ एप्रिल १९५७ हा त्याचा दिवस, कसेल त्याची जमीन. बापाने कसून मिळवली ती मुलाने विकली. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ. चार भावांत वाटणी होऊन उरलेल्या तुकड्यावर पानवेल लावून संसार करून दाखवा, मग बोलू.

सगळ्यांनी मुकाट्याने विकली असंही नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. टँकर आणि बिल्डर यांच्याविरुद्ध गावंच्या गावं रस्त्यावर आली, तीही गुंडांच्या दहशतीच्या दिवसांत. १९९०मध्ये सिडको नियोजनाला आली. ३ जुलै २००९ला चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा गावं वगळा म्हणून पुन्हा आंदोलन पेटलं. पश्चिमेला आज जी काही हिरवळ दिसते, ती या भांडखोरपणाची कमाई.

तरी आमच्या आठवणींत एक खोट आहे. त्या वाडीवाल्यांच्या आठवणी आहेत. वाडीत खणायला, कुंपण करायला पूर्वेच्या पाड्यांवरून येणाऱ्या आदिवासींना ते दिवस सोन्याचे वाटत होते का, हे आम्ही कधी विचारलं नाही. परळहून नालासोपाऱ्यात आलेल्या माझ्या मित्राची आई म्हणायची, ‘दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जणं होतो. इथे पाण्याचे हाल आहेत रे, पण रात्री दार लावून झोपता येतं.’ तिच्यापुढे बावखलाचं कौतुक सांगायची माझी छाती झाली नाही. त्या दाराची शाश्वतीही सगळ्यांना मिळाली नाही. २०२५च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला कोर्टाच्या आदेशाने ४१ बेकायदा इमारती पाडल्या गेल्या. माणसांनी पै-पै जोडून घरं घेतली होती, जमिनीवर मात्र आरक्षण होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ जण गेले. स्वस्त घराची उरलेली किंमत अशी वसूल होते.

वाड्यांत काय टिकलं ते पाहिलं तर त्यातही लोकलच दिसते. केळीचा घड जड, भाजीच्या पाटीला जागा लागते. विरार लोकलच्या आजच्या गर्दीत दोन्हींचा निभाव लागणं कठीण. फुलं हलकी आणि पैशाला भारी, चाफ्याची पिशवी मांडीवर घेऊनही दादर गाठता येतं. माझ्या चुलतभावाने केळी काढून सोनचाफ्याची कलमं लावली. गणपतीत आणि दसऱ्याला भाव चढतो, एरवी कसाबसा खर्च निघतो. अंधारात तोडणीला घरचं कुणी उठत नाही. मजुरीने येणारी बाई नालासोपाऱ्याहून येते आणि रिक्षाचं भाडं वेगळं मागते. तो कुरकुरतो, पण देतो.