शिट्टी आणि शाळेची वाट

मुलांनो, तुमच्या शाळेत शिट्टी कोण वाजवतं? पी.टी.चे सर! शिट्टी झाली की रांगा सरळ. मी राहते त्या अमेरिकेतल्या शिकागो शहरात मात्र २०२५ सालच्या पानगळीत दुकानदार, शिक्षक, अगदी काठी टेकत चालणाऱ्या आजीबाई अशा कितीतरी जणांच्या गळ्यात शिट्ट्या दिसू लागल्या. कशासाठी? तेच सांगते.

परदेशातून येऊन अमेरिकेत राहायचं तर सरकारची परवानगी लागते. काहींची कागदपत्रं पुरी असतात, काहींची नसतात. कुणाला राहू द्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं, हे सरकार कायद्याने ठरवू शकतं. पण ते कशा रीतीने करायचं, हाही प्रश्न आहेच ना? ८ सप्टेंबर २०२५ रोजी शिकागोत धरपकडीची मोठी मोहीम जाहीर झाली. तोंडं झाकलेले अधिकारी रस्त्यांवरून, दुकानांसमोरून माणसांना घेऊन जाऊ लागले. अमेरिकेचे नागरिक असलेल्या काही जणांनाही अडवलं गेलं. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं इथे शक्यतो कारवाई करायची नाही, असा जुना नियम होता. तोही जानेवारी २०२५ मध्येच रद्द झाला होता.

हे सगळं आपल्यापासून फार लांब आहे असं समजू नका बरं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचं एक लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात आपल्या महाराष्ट्रातलीही माणसं होती.

मी मूळची सांगलीची. इथे अल्बनी पार्क नावाच्या भागात राहते. या भागात इतक्या देशांची माणसं आहेत, की एका गल्लीतून जाताना चार-पाच भाषा कानावर पडतात. आमच्या समोरच्या घरातली मुलगी सहावीत आहे. तिचं नाव, तिच्या आईबाबांचा देश मी इथे लिहीत नाही. ते न लिहिणंच बरं. स्पॅनिशमध्ये शेजारणीला 'वेसिना' म्हणतात, म्हणून ती मला वेसिना म्हणते. ऑक्टोबरमध्ये ती चार दिवस शाळेत गेलीच नाही. आजारी? छे! "आईने मला सोडायला यायचं आणि आईलाच नेलं तर?" असं ती दाराच्या फटीतून म्हणाली.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. कागद असोत वा नसोत, प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत फुकट शिकता आलं पाहिजे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच दिलेला आहे. म्हणजे शाळेचं दार तिला उघडंच होतं. बंद झाली होती ती घरापासून त्या दारापर्यंतची वाट.

ती वाट शेजाऱ्यांनी उघडली. शहरात ठिकठिकाणी 'चालत्या शाळाबस' निघाल्या. या बसला चाकं नसतात! एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मध्ये मुलं. ठरलेल्या रस्त्याने घरोघरी थांबत जायचं आणि वाटेत मुलं मोजायची. आमच्या गल्लीत सकाळची पाळी माझी आणि एका निवृत्त पोस्टमनची. पाचव्या दिवशी समोरची मुलगी दप्तर घेऊन बाहेर आली. आई खिडकीतून बघत होती. मुलगी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने पडदा सोडला नाही.

आणि शिट्ट्या? त्यांचीही एक भाषा ठरली होती. तुटक तुटक वाजली, तर अधिकारी जवळपास आहेत. सलग वाजली, तर कुणाला तरी पकडताहेत. ऐकू आली की माणसं घराबाहेर येत. कुणाला अडवायचं नाही, हात लावायचा नाही, असं बजावलेलं असे. लांब उभं राहून बघायचं, फोनवर चित्रण करायचं आणि पकडलेल्याचं नाव विचारून घ्यायचं. म्हणजे त्याच्या घरी आणि वकिलाला कळवता येतं.

हातगाडीवर टमाले विकणाऱ्यांचं काय? टमाले म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून, मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवलेला पदार्थ. आपल्या पातोळ्यांचा लांबचा भाऊच म्हणा ना! विक्रेत्यांना दिवसभर रस्त्यावर उभं राहायची भीती वाटे. मग सायकलवाल्या मंडळींनी सकाळीच सगळा माल विकत घ्यायचा, तो गरजूंना वाटायचा आणि विक्रेत्याला लवकर घरी जाऊ द्यायचं, असा क्रम सुरू झाला.

यामुळे सगळे वाचले का? नाही. कितीतरी घरांतले बाबा, काका परत आले नाहीत. शिट्टीने विमान थांबत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर बरेचसे अधिकारी शहर सोडून गेले. पुढे डिसेंबरमध्ये मिनियापोलिस शहरात तशीच मोहीम सुरू झाली आणि तिथेही गळ्यांत शिट्ट्या आल्या. पण समोरच्या मुलीची शाळा त्या चार दिवसांपुढे एकही दिवस बुडली नाही, एवढं मात्र मी पाहिलं.

यात कुणी फार मोठं काम केलं नाही. कुणी चाललं, कुणी शिट्टी वाजवली, कुणी टमाले घेतले. आपल्या भाषेत याला छान शब्द आहे, शेजारधर्म. तुमच्याही गल्लीत परगावाहून, परराज्यातून आलेलं एखादं घर असेल. त्या घरातली मुलं शाळेत कुणाबरोबर जातात, उद्या जरा बघाल?