दोन पोरं, एक गाडी आणि ७० सेंटिमीटर

‘बाबागाडी’ हा शब्द मला फार आवडतो, पण त्यात एकच बाबा बसतो. दोन बाळांच्या गाडीला मराठीत काय म्हणायचं, हे मी बरेच दिवस शोधत होते. शेवटी घरात ‘डबल गाडी’ हेच नाव पडलं. मुलगी तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांची होती, मुलगा सात महिन्यांचा. तिचं वजन साडेतेरा किलो, त्याचं आठ. माझ्या मनगटाला आधीच पट्टा होता.

आम्ही राहतो मोशीला, घर पेठला. खेड घाट चढून वर आलात की पेठ, पुढे अवसरी घाट उतरलात की मंचर. सातगाव पठार म्हणतात तो हा भाग, पावसाळी बटाट्याचा. नवऱ्याची नोकरी चाकणला, शिफ्टची. म्हणजे सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते संध्याकाळी सात या वेळात घरात मोठं माणूस एकच, ते म्हणजे मी. मुलीची बालवाडी चालत दहा मिनिटांवर. ही दहा मिनिटं मोठ्या माणसाची. धाकटा झोळीत छातीशी आणि मोठीचा हात धरलेला, असं निघालं की पंचवीस लागतात, आणि परत येताना ती हमखास रस्त्यातच बसकण मारते. मग साडेतेरा अधिक आठ. तुम्हाला वाटेल, रिक्षा करायची. पण दहा मिनिटांच्या अंतराला रिक्षावाला येत नाही, आणि प्रश्न फक्त बालवाडीचा नव्हताच. भाजी, लस, औषधाचं दुकान, नुसतंच खाली जाऊन झाड बघणं, या सगळ्यासाठी मला कुणाची तरी वाट बघावी लागत होती. कुणाला न विचारता दाराबाहेर पडता यावं, यासाठी मला गाडी हवी होती.

दोन बाळांच्या गाड्यांच्या मुख्य जाती दोन. एकीत सीट शेजारी-शेजारी, दुसरीत एकामागे एक. शेजारी-शेजारीवाली वळायला सोपी, दोघांनाही समोरचं सारखंच दिसतं, ‘मी पुढे’ हे भांडण होत नाही. मला तीच हवी होती. तिची रुंदी साधारण ७५ सेंटिमीटर असते. मी टेप घेऊन लिफ्टपाशी गेले. दार ७० सेंटिमीटर.

त्या पाच सेंटिमीटरनं माझं अर्धं काम केलं. त्यानंतर मी आमच्या सगळ्या वाटेवर टेप लावत फिरले. वॉचमनकाकांना वाटलं, सोसायटीत काही बांधकाम निघालंय. गेटचं छोटं दार ८२. औषधाच्या दुकानाची पायरी १९ सेंटिमीटर उंच. फुटपाथच्या तोंडाशी, दुचाक्या चढू नयेत म्हणून रोवलेल्या दोन खांबांमधली फट ६८. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असं म्हटलंय. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर तसा फुटपाथ आहे. तिथे गाडी ढकलणं म्हणजे सुख. आमच्या वाटेवर फुटपाथ आहे, पण त्यावर डीपी आहे, पाणीपुरीची गाडी आहे आणि एक पिंपळ आहे. पिंपळाबद्दल माझी तक्रार नाही.

मग राहिली मागे-पुढे सीटवाली. रुंदी ५४ सेंटिमीटर, म्हणजे एकट्या बाळाच्या गाडीएवढीच. पण लांब. पायरी आली की दांडा खाली दाबून पुढची चाकं उचलावी लागतात, आणि पुढे साडेतेरा किलोची बाई बसलेली असते. चाकांचं गणितही इथेच कळतं. चाक जितकं लहान तितकं ते खड्ड्यात जास्त उतरतं आणि खडीला अडतं. दुकानात टाइल्सवर सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या चालतात. म्हणून मी एका दुकानदाराला विचारलं, ‘जरा बाहेर पार्किंगमध्ये ढकलून बघू का?’ तो नको म्हणाला. मी तिथून निघाले.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याची सीट जवळजवळ सपाट होणारी हवी, कारण ते मान आणि पाठ धरत नाही. पट्टा पाच टोकांचा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक पायांमधून. दांड्याला पिशव्या अडकवायच्या नाहीत. मूल उचललं की गाडी मागे उलटते. आणि प्रत्येक सीटला किती किलो चालतात ते वाचायचं. बऱ्याच गाड्यांवर १५ लिहिलेलं असतं. मोठं मूल तीनच्या पुढचं असेल तर एकट्या गाडीला मागून जोडायची उभं राहायची फळी मिळते, ती स्वस्त पडते. आमची अजून फळीवर टिकणाऱ्यातली नव्हती.

‘कॉम्पॅक्ट’ या शब्दावर मात्र मी अडून बसले. जाहिरातीत तो सगळ्याच गाड्यांना लावतात. या गाड्यांचा इतिहास मजेशीर आहे. १७३३ मध्ये इंग्लंडात विल्यम केंट यांनी डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक गाडी बनवली, ती ओढायला शेळी किंवा छोटं तट्टू जुंपायचं. पेठेत हे आजही जमेल, शेळ्या आहेत. पण घडी घालून काखेत मारायची गाडी यायला १९६५ उजाडलं. ओवेन मॅक्लारेन हे विमानांचे इंजिनियर. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. त्यांची मुलगी परदेशातून बाळाची अवजड गाडी घेऊन घरी आली, तेव्हा तिचे हाल बघून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी आखली. वजन तीन किलोच्या आत. विमानाची चाकं पोटात मिटतात, तशी ही मिटली. मला यातली एक गोष्ट फार पटते: त्यांनी सुरुवात गाडी कशी चालते यापासून केली नाही, ती चालत नसते तेव्हा कोण उचलतं यापासून केली.

माझ्या यादीतल्या डबल गाड्या दहा ते चौदा किलोच्या होत्या. म्हणजे मिटलेली गाडी हेच तिसरं मूल. आणि इथे पेठ आडवं आलं.

पेठला आम्ही दर पंधरा दिवसांनी जातो. बऱ्याचदा मी एकटीच पोरांना घेऊन पुढे जाते, एसटीनं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच वर्षांखालची मुलं फुकट. म्हणजे अर्ध्या तिकिटात आम्ही तिघं. पण एसटीच्या दोन-तीन उंच पायऱ्या, मधली चिंचोळी वाट, एक मूल छातीशी, एक बखोटीला आणि वर बारा किलोची गाडी? कंडक्टरदादा चांगले असतात, तरी.

फोनवर सासूबाईंना गाडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, हितं कशाला गाडी? हितं काय हात कमी हैत का?’’

खरंच नाहीत. पेठेत ओट्यावर पोर ठेवलं की ते कुणाच्या तरी कडेवर जातं. चुलत सासू, शेजारची आजी, दहावीतला पुतण्या. बटाटा काढणीच्या दिवसांत बायका शेताच्या कडेला लुगड्याची झोळी बांधतात आणि जी जवळ असेल ती झोका देते. दोन पोरं आणि एकटी बाई हा हिशेबच तिथे नाही. डबल गाडी हे यंत्र बनलंय ते या हिशेबासाठी. मोशीत मी त्या हिशेबात राहते, पेठेत राहत नाही. त्यामुळे दोन्हीकडे चालेल अशी गाडी शोधणं मी तिथल्या तिथे सोडून दिलं.

पण सासूबाईंचा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ‘‘त्या पट्ट्यात पोरं बांधल्याली. सोडायला किती वेळ लागतो?’’

त्या बिबट्याबद्दल बोलत होत्या. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर असे चार तालुके येतात. खाली घोड नदीच्या पट्ट्यात कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि बिबट्या उसातच पिल्लं घालायला लागला. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिथली जागाही पुरत नाही. पठारावर ऊस तेवढा नाही, पण बिबट्याला हद्द कोण सांगणार? दिवस मावळला की आमच्याकडे पोरं आत घेतात. बसलेलं, वाकलेलं, ठेंगणं जे दिसेल त्यावर बिबट्या येतो, हे तिथे लहान पोरालाही माहीत असतं. गाडीतलं मूल दीड-दोन फुटांवर बसलेलं असतं, आणि बांधलेलं. मी घड्याळ लावून बघितलं. दोघांचे पट्टे सोडून दोघांना उचलायला मला २३ सेकंद लागले. मी तो आकडा त्यांना सांगितला. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘मग दिवसाचंच काय ते.’’ कुठल्याही माहितीपत्रकात न लिहिलेला हा नियम मी जसाच्या तसा घेतला. मोशीतसुद्धा दिवे लागल्यावर आम्ही गाडी फिरवत नाही. तिथे बिबट्या नाही, डंपर आहेत.

शेवटी मागे-पुढे सीटवाली, ५४ सेंटिमीटरची, वापरलेली गाडी घेतली, साडेसहा हजारांना. जुळी मुलं असलेल्या एका कुटुंबाची. त्यांच्या पार्किंगमध्ये मी ती दोन चकरा ढकलली, खडीवर, रिकामी आणि मग पोरं बसवून. मोठी पुढे, धाकटा मागे. मोठीनं पुढची सीट आपली असल्याचं लगेच जाहीर केलं. मिटल्यावर ती दाराआड उभी राहते, चपलांच्या रॅकच्या शेजारी. औषधाच्या दुकानाची पायरी ती चढत नाही. मी बाहेरूनच हाक मारते, दादा औषध आणून देतात. दोन खांबांमधून जाते, दोन्ही बाजूंना सात-सात सेंटिमीटर राखून. बालवाडी आता बारा मिनिटांवर आहे.

दिवाळीनंतर सासूबाई पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचे गुडघे गेली तीन वर्षं दुखतात. पेठेत हात पुष्कळ असले, तरी त्यांच्या स्वतःच्या कडेवर नातवंड बसून बरेच महिने झाले होते, हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं. मांडीवर घ्यायच्या, पण बसल्या जागी. एका सकाळी मी स्वयंपाकात होते, त्यांनी दोघांना टोप्या घातल्या आणि मला विचारलं, ‘‘ह्याचा ब्रेक कुठला गं?’’ मी पायानं दाबायची लाल पट्टी दाखवली. त्यांनी दोनदा दाबून पाहिली, दोनदा सोडून पाहिली. पट्टे स्वतः लावले. ‘‘येते,’’ म्हणाल्या, आणि लिफ्टचं दार लागलं.

पाऊण तासानं परत आल्या. खालच्या जाळीत मेथीच्या दोन जुड्या होत्या, धाकटा झोपला होता, मोठीच्या हातात कुणीतरी दिलेलं गाजर होतं. तक्रार एकच होती, सोसायटीचा रॅम्प फार उभा केलाय म्हणून. ती त्यांनी वॉचमनकाकांकडे आधीच करून झाली होती.