विझलेला दात

कॅलमाझूतल्या एका घरात, कोटांनी गच्च भरलेल्या कपाटात, दार लावून आम्ही दोघं उभे होतो. माझ्या हातात १९५७ची गिब्सन लेस पॉल ज्युनिअर, नऊ वर्षांच्या लेकीच्या हातात अतिनील प्रकाशाची बॅटरी. याच गावच्या कारखान्यात घडलेली ही गिटार गाव सोडून कधी गेलीच नव्हती. स्वयंपाकघरात मालक आजोबा कॉफी करत होते. "माझ्याकडे आल्यापासून ही मोडलेली नाही," एवढंच ते म्हणाले होते.

जुन्या वाद्यात खोट शोधू गेलं तर ती हाती लागत नाही. वय शोधावं, आणि जिथे ते दिसत नाही तिथे थांबावं. मागचं झाकण मी आधीच उघडून पाहिलं होतं. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटवर १३४, म्हणजे सेंट्रालॅब कंपनीचा माल. पुढचा ७ म्हणजे १९५७. सोल्डरचे थेंब मळकट, राखाडी. कुणी नव्याने टाका दिला असता तर तो चकाकला असता. लॅकरवर बारीक भेगांचं जाळं, लोणच्याच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीवर असतं तसं. मिशिगनच्या थंडीतून उबेत आलं की लाकूड हलतं, लॅकरला ते झेपत नाही. सगळीकडे वय होतं.

उरली मान. ती महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापलेली आणि डोकं १७ अंश मागे कललेलं, म्हणून तिथे लाकडाच्या उभ्या रेषा मध्येच तुटतात. त्यात मान सरळ ठेवणाऱ्या ट्रस रॉडसाठी नेमकं तिथलंच लाकूड कोरलेलं. गिटार पाठीवर पडली की तारांच्या ताणासकट तिथेच मोडते. नीट चिकटवली तर पुढे जन्मभर वाजते. बाजारात किंमत मात्र निम्म्यावर येते.

लेकीने बॅटरी लावली. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर या उजेडात फिकट हिरवट उजळतं. पाठ उजळली, मान उजळली, आणि डोक्याच्या अलीकडे दोन बोटांचा पट्टा काळाच राहिला. त्यावरून नख फिरवलं. कुठेही अडकलं नाही. ज्याने कुणी जोडलं, त्याचा हात फार सुबक होता.

कंटाळून लेकीने झोत माझ्या तोंडावर टाकला आणि ती खुदकन हसली.

"बाबा, तुझा एक दात विझलाय!"

डोंबिवलीच्या गल्लीत टेनिस बॉल सोडून सीझन बॉलने खेळायची हौस पुढच्या दाताला भोवली होती. वर बसवलेली कॅप दिवसाच्या उजेडात इतकी वर्षं कुणालाच कळली नाही. लग्न ठरताना सांगायची राहिली, नंतर सांगावंसं वाटलं नाही. खरे दात या उजेडात निळसर चमकतात. माझी जुनी कॅप चमकत नव्हती.

बाहेर आलो. आजोबांनी कॉफी पुढे केली आणि विचारलं, "काय, सापडलं काही?"

सांगायला तोंड उघडलं, आणि आपोआप ओठ मिटले.