सापाची मावशी

गुहागरला एस.टी.तून उतरून पाखाडीच्या पायऱ्या चढू लागलो, की आजोळ आल्याची खूण मला डोळ्यांआधी नाकाला पटते. पोफळीच्या आगरातला तो ओलसर वास, जांभ्याच्या गडग्यावर वाळलेले शेवाळ, आणि गडग्याच्या फटीत काहीतरी सुळकन् शिरल्याची चाहूल! लहानपणी त्या चाहुलीला आमचे एकच उत्तर असे : दगड. "सापाची मावशी ती! चावली तर पाणी मागायला उरायचा नाहीस," असे घरचा गडी बजावी. एकदा मीही नेम धरला. प्राणी निसटला, शेपूट मात्र पायरीवर वळवळत राहिले. पुढे कितीतरी रात्री ते माझ्या स्वप्नात येई.

गेल्या दिवाळीत गेलो तो आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना बरोबर घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर एक मावशी ऊन खात पडलेली दिसली. मामेभावाचा मुलगा काठी घेऊन धावला. प्राध्यापकांनी त्याचा हात धरला आणि आम्हां दोघांनाही खाली बसविले.

"नीट पाहा. ही पापणी मिटते. सापाला ती मिटता येत नाही. डोळ्यामागे कानाचे भोक आहे. सापाला तेही नसते. विष तर हिच्याजवळ थेंबभरही नाही. किडे खाऊन जगते बिचारी."

तिच्या तपकिरी, चकचकीत पाठीवरच्या खवल्यांना बारीक कंगोरे होते, बहुधा तीन-तीन. त्यांवरूनच तिचे 'युट्रोपिस कॅरिनेटा' हे नाव पडले. खवल्यांखाली हाडांच्या बारीक चकत्यांचे चिलखत असते, आणि शेपटीच्या मणक्यांत तुटण्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, हेही तेव्हाच कळले.

"हिच्याच कुळातली बार्कुडिया ओडिशात चिल्का सरोवरातल्या बेटावर सापडली. १९१७ साली अ‍ॅनंडेलने तिचे वर्णन केले. तिला पायच नाहीत!"

"म्हणजे मावशी खरीच की!" मी म्हणालो.

ते हसले. "पाय गेले म्हणून साप होत नाही. या कुळात पाय निरनिराळ्या शाखांत, वेगवेगळ्या वेळी गेले. जनुकांवरून नाते लावले, तर सापाला हिच्यापेक्षा सरडा आणि घोरपडच जवळची ठरतात."

मी भाषेचा मास्तर. नाते जोडणारा शब्द गोडच, असे आजवर वर्गात सांगत आलो. येथे तर भलत्याच घरचे नाते चिकटवून आम्ही एका गरीब जिवाला पिढ्यान्‌पिढ्या दगड मारीत होतो.

"मग हिला म्हणायचे तरी काय?" पोराने विचारले.

"सापसुरळी," मी म्हणालो; आणि त्या नावातही साप आहेच, हे ध्यानात येऊन ओशाळलो.

तेवढ्यात ती हलली. तिचे अर्धे शेपूट फिकट होते. तुटून पुन्हा उगवलेले. नव्या शेपटीत मणके येत नाहीत, नुसती कूर्चेची कांडी असते, असे प्राध्यापक सांगत होते. मी मात्र तो दगड कुणाचा असेल, याचाच विचार करीत होतो. पोराने काठी गडग्याला टेकवून ठेवली.