लोकेच्छेचें स्थान

संघराज्याचा विषय शिकवावयास घेतला, कीं स्वित्झर्लंडचें नांव निघतें. आणि तें निघालें, कीं वर्गांतील कोणीतरी बेळगांवचा प्रश्न काढल्याशिवाय राहत नाहीं. "चार भाषांचे लोक तेथें सुखानें नांदतात, मग आपणांसच तें कां साधूं नये?" प्रश्न रास्त आहे. परंतु स्विस लोक स्वभावानेंच शांत, म्हणून त्यांस तें साधलें, ही समजूत मला पटत नाहीं. अशा वेळीं मी ज्युराची हकीकत सांगतों.

हा फ्रेंच बोलणारा डोंगराळ मुलूख १८१५ सालीं व्हिएन्नास जमलेल्या मुत्सद्द्यांनीं बर्न या जर्मनबहुल कँटनच्या पदरांत टाकला. रहिवाशांस कोणीं विचारलें नाहीं. पुढें १९४७ सालीं जॉर्ज मॉक्ली या मंत्र्यास, केवळ तो फ्रेंच भाषक म्हणून, बर्नच्या विधिमंडळानें बांधकाम खातें नाकारलें. एका खात्यावरून एवढें रण माजावें याचें नवल वाटेल. पण लहान अपमानच माणसें जन्मभर जपून ठेवतात. चळवळ पेटली, जाळपोळहि झाली.

अखेर बर्ननें आपली घटना दुरुस्त केली. १९७४ सालीं सबंध मुलखाचें मत घेतलें, तें थोड्या फरकानें स्वतंत्र कँटनच्या बाजूनें पडलें. तेवढ्यावर कोणी थांबलें नाहीं. १९७५ सालीं दक्षिणेकडील तालुक्यांस पुन्हां निराळें विचारलें. तेथील लोक फ्रेंचच बोलणारे, परंतु प्रॉटेस्टंट, उत्तरेकडील कॅथॉलिक. त्यांनीं परभाषी बर्नच पसंत केलें! मग सीमेवरील गांवांस विचारलें. १९७८ सालीं साऱ्या देशानें मतदानानें मान्यता दिली, आणि १ जानेवारी १९७९ रोजीं नवें कँटन जन्मास आलें.

महाराष्ट्रानें सीमावादांत खेडें हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या व लोकेच्छा अशीं चार सूत्रें मांडलीं. मला तीं चारहि मान्य आहेत. मात्र तिसऱ्यांत चौथें आलेंच, असें आपण गृहीत धरतों. सीमाभागांतील मराठी जनतेनें निवडणुकींतून आपली इच्छा अनेकदां सांगितली, हें खरें. पण निवडणूक म्हणजे त्या एकाच प्रश्नावरील कौल नव्हे, आणि तसा कौल तेथें कधीं घेतलाच गेला नाहीं. २००४ सालीं दावा सर्वोच्च न्यायालयांत गेला. न्यायालय कागद पाहील.

ज्युरांत प्रश्न पुन्हां विचारतां येतो. मूत्ये हें गांव १९७५ सालीं बर्नकडे राहिलें. २०१७ सालीं तें १३७ मतांनीं ज्युराकडे झुकलें. पण तें मतदान दोषांमुळें रद्द झालें. २०२१ सालीं २,११४ मतें ज्युरास व १,७४० बर्नला पडलीं, आणि १ जानेवारी २०२६ हा हस्तांतराचा दिवस ठरला. ज्यांनीं बर्नला मत दिलें, त्यांचीं मुलें फ्रेंचच शिकतील. बर्नमध्यें उरलेल्या फ्रेंच भाषकांची संख्या मात्र आणखी घटते. त्यांच्यासाठीं तेथील सात मंत्रिपदांपैकीं एक घटनेनेंच राखून ठेविलेलें आहे.