पेन्शनीतला वेसकर

सतरा वर्षं महार रेजिमेंटमध्ये काढली. सागरच्या सेंटरला रंगरूट म्हणून गेलो, नाईक होऊन छत्तिसाव्या वर्षी पेन्शनीत आलो. आमच्या बिल्ल्यावर दोन मशीनगना एकमेकींवर आडव्या नि मधी खंजीर. डोळं बांधून मशीनगन खोलून जोडतो मी. पण तालुक्यात ह्या हुन्नराला कोण विचारतंय?

लागलो एका कारखान्याच्या गेटवर. बारा तास ड्यूटी. शिट्टी, काठी, आल्यागेल्याची वही. माझा आजा गावचा वेसकर. रातभर वेशीत बसायचा, सकाळी घरोघर भाकर मागायचा. 1958 च्या कायद्यानं ते वतन गेलं. नि त्याचा नातू इस्त्रीचा गणवेश घालून परत वेशीवरच! भाकरीच्या जागी पगार, तोही ठेकेदाराच्या हातून, कापून. सुपरवायझर वीस-बावीसचा. म्हणतो, "ए फौजी, सायबाची गाडी पूस." नाही पुसली. दुसऱ्या दिवसापासून कायमची रातपाळी.

बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत मास्तर होते. पेन्शनीनंतर खटाव तालुक्यात तलावाच्या सरकारी कामावर खजिनदार झाले. ती नोकरी त्यांना अक्षरानं दिली, बंदुकीनं नाही. त्याआधीच इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली होती. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभारली, युद्ध सरल्यावर मोडली. कायमचं दार उघडलं ते 1941 ला. दार उघडलं खरं, पण बाहेर पडणाऱ्याचं काय?

कागदावर आहे की. केंद्राच्या वर्ग 'क' मध्ये माजी सैनिकांना दहा टक्के जागा. दहावी नि पंधरा वर्षं नोकरी झालेल्याला, पदवी मागणाऱ्या बिगर-तांत्रिक जागांनाही अर्ज करता येतो. हे मला पलटणीत कुणी सांगितलं नाही, कचेरीत तर नाहीच. पेन्शनीनंतर सहा वर्षांनी एका रद्दीतल्या जाहिरातीवर वाचलं. तुम्ही शिकलेली पोरं मोर्चे काढता, काढा. पण वस्तीतल्या पेन्शनरांचे अर्ज कोण भरून देणार? आमचा हात ट्रिगरवर चालतो, फॉर्मवर अडतो.

2022 ला अग्निपथ आली. चार वर्षं नोकरी, मग चारातला फार तर एक आत. बाकीचे बाहेर, पेन्शन नाही. पंधरा वर्षांचा नियम त्यांना कुठला लागायला?

पहाटे रातपाळीवरनं येतो तेव्हा वस्तीतली पोरं रस्त्यानं पळत असतात. "जयभीम काका, छाती किती लागते?"

"आधी बारावी हो. टायपिंग शिक."

हसतात. दम लागलेला असतो, तरी हसतात.