कॅमेरा घेऊन बारा महिने

छायाचित्रणाचा छंद हा पैसेवाल्यांचा, असे आपल्या वस्त्यांत समजले जाते आणि एके काळी ते खरेही होते. छत्तीस फोटोंचा एक रोल, तो धुण्याचा खर्च, वर प्रत्येक प्रतीचे पैसे. तेवढ्यात घरचा किराणा येत असे. मी एस.टी.त वाहक होतो. जुना कॅमेरा हप्त्याने घेतला आणि एकेक रोल दोन-दोन महिने पुरवला. त्यामुळे आधी खूप वेळ पाहायचे आणि मग बटण दाबायचे, ही सवय लागली. आता खिशातल्या मोबाईलमध्ये हजारो फोटो मावतात, तरी ती गेलेली नाही. सुटीच्या दिवशी पहाटे निघायचे, शिवारात फिरायचे आणि दुपारपर्यंत घरी परतायचे, हा क्रम नोकरी संपल्यावरही चालू आहे.

सुरुवातीला मलाही देखावेच दिसत. फाल्गुनात बुलढाण्याहून खामगावकडे निघाले की बोथ्याच्या जंगलात पळस फुललेला असतो. झाडावर पान नाही, नुसती केशरी फुले. ऊन चढले की तो रंग फोटोत फिका उतरतो, म्हणून सकाळी आठच्या आत तिथे असावे लागते. २०१९ साली टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक वाघ सुमारे तीन हजार किलोमीटर चालून इथल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, त्यामुळे त्याची वाट नकाशावर आखली गेली, वर्तमानपत्रांत छापून आली. मलाही कौतुक वाटले. पण दसरा झाला की सिंदखेडराजा, लोणारकडची जोडपी लेकराबाळांसह ऊसतोडीला निघतात, त्यांच्या वाटेचा नकाशा मी कुठे छापलेला पाहिला नाही. एस.टी.त त्यांची तिकिटे मात्र मी फाडली आहेत. सोबत कोयता, पत्र्याची पेटी आणि मांडीवर झोपलेले पोर.

लोणारचेही तसेच. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि सगळीकडे त्याचेच फोटो. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले. मी पोहोचेपर्यंत पाणी पुन्हा हिरवट झाले होते. अनित्य म्हणतात ते हेच. पण पायथ्यापर्यंत उतरून, डोक्यावर जळतणाचे भारे घेऊन चढणाऱ्या बाया तेव्हाही होत्या. त्यांचा फोटो मिळाला.

वैशाखात कॅमेरावाल्यांनी दुपारी बाहेर पडू नये, असे पुस्तकात लिहिलेले असते. ऊन डोक्यावर असते, डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी उमटतात. पण शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट. ते ना धड पिता येते, ना पिकाला देता येते. तिथे टँकर दुपारी आला तर फोटोही दुपारीच काढावा लागतो. पाण्याने भरलेल्या हंड्यावरून तोंडावर थोडा उजेड उलटतो, तेवढ्यावर भागवायचे.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो तो आश्विन पौर्णिमेपर्यंत. विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. निंदणाहून आलेल्या बाया पाय धुऊन येऊन बसतात, बाहेर पावसाची झड, आत एकच ट्यूबलाईट. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यायचा आणि भिंतीला टेकून, श्वास रोखून फोटो घ्यायचा. हात हलला की सगळे वाचन अस्पष्ट!

खरे शिक्षण मात्र कापसाने दिले. कार्तिकात बोंडे फुटली की शिवार पांढरे होते. त्यात उभी असलेली वेचणारी बाई काढायला जावे तर फोटोत कापूस सुरेख आणि बाईचा चेहरा काळाठिक्कर. कारण साधे आहे. कॅमेऱ्यातले मीटर चौकटीतला एकूण उजेड मोजते. पांढरे फार असले की त्याला वाटते उजेड जास्त झाला, आणि ते फोटो गडद करते. चेहरा त्यात बुडतो. उपाय असा, की जवळ जावे, उजेड चेहऱ्यावरून मोजावा, मग मागे येऊन तेवढाच ठेवावा. कापूस थोडा जळाल्यासारखा पांढरा येतो. येऊ द्यावा. स्टुडिओत आपल्या माणसांना फोटोआधी पावडर लावायला सांगत. त्यात दोष कातडीच्या रंगाचा धरला जाई, उजेडाचा नव्हे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो पाहताना माझे लक्ष आधी चेहऱ्यांवरच्या उजेडाकडे जाते.

आपल्या घरांत फोटो किती असतात, आठवून पाहा. तथागतांचा, बाबासाहेबांचा, लग्नातला एखादा. माझ्या आजीचा एकच फोटो होता, निराधार योजनेच्या अर्जासाठी काढलेला. तो अर्जालाच लागला. तिचे तोंड आता आम्हा दोघा-तिघांनाच आठवते, तेही थोडे थोडे वेगळे.

चिखली तालुक्यातल्या एका गावी कापूस वेचणाऱ्या एका बाईला मी विचारले, "ताई, फोटो काढू का?" त्यांनी उन्हासाठी लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला होता, कमरेला ओटी भरलेली. म्हणाल्या, "माहा फोटू कायले काढता भाऊ? थांबा, शर्ट तरी काढू द्या." मी म्हटले, राहू द्या. त्या हसल्या आणि फोटो झाला. दोन वर्षांनी त्यांचा मुलगा घर शोधत आला. आई गेली होती. पुण्यानुमोदनाला ठेवायला फोटो हवा होता आणि आधार कार्डावरचा मोठा केला तर ओळखू येत नव्हता. "काका, तुमच्याजवळ मायचा एक हाय म्हणे." मी म्हटले, बाळा, अंगावर शर्ट आहे, कापसातला आहे, चालेल का? तो बराच वेळ फोटोकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "शर्ट बाबांचा हाय. राहू द्या."

त्यानंतर मी मोबाईलमध्ये फोटो साठवणे कमी केले. जमतील तेवढ्या कागदी प्रती काढतो. मुले त्याला वायफळ खर्च म्हणतात. वर्षावासात विहाराच्या भिंतीला दोरी बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी त्या लावतो. ज्याने त्याने आपला फोटो काढून न्यावा. बाया आधी लांबून पाहतात, एकमेकींना कोपर मारतात, मग एखादी हळूच चिमटा उघडते. कोणी शेजारणीचा नेते, कोणी बाळंतपणाला माहेरी गेलेल्या लेकीसाठी मागते. गेल्या आश्विन पौर्णिमेला दोरीवर एक पळसाचा फोटो तेवढा उरला होता. तो मी घडी न पाडता वहीत घालून घरी आणला.